तुकोबाच्या दुकानात इंग्रजीचा प्राध्यापक

गोविंद विनायक करंदीकर, म्हणजे मराठी वाचकांचे विंदा, यांच्याविषयी जे काही लिहिले जाते त्यात त्यांच्या नोकरीचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकलेला असतो. कवी, बालकवी, लघुनिबंधकार, समीक्षक, भाषांतरकार अशी सगळी विशेषणे लावून झाली की शेवटी ‘ते इंग्रजीचे प्राध्यापक होते’ एवढे वाक्य येते आणि लेख पुढे सरकतो. सकाळी महाविद्यालयात जाऊन इंग्रजी शिकवणारा माणूस वेगळा, संध्याकाळी घरी बसून मराठी कविता लिहिणारा माणूस वेगळा, आणि पहिल्याने दुसऱ्याचे घर चालवले इतकाच काय तो दोघांचा संबंध, असा समज त्यातून होतो. मी स्वतः बरीच वर्षे इंग्रजी साहित्य शिकवते आहे आणि करंदीकरांची कविता त्याहून अधिक काळ वाचते आहे. त्या दोन्हींच्या आधारावर मला ठामपणे वाटते की ही वाटणी खरी नाही. करंदीकरांच्या लेखनातले जे सर्वांत अस्सल मराठी आहे, म्हणजे त्यातली ओवी, त्यातला अभंग, त्यातला ताल, ते इतक्या जाणतेपणाने घडले याचे एक मोठे कारण त्यांची इंग्रजीची प्राध्यापकी हे आहे.

त्यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यात, धालवली या गावी झाला. शिक्षणासाठी कोल्हापूर, मग इंग्रजी विषय घेऊन एम. ए., हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या सहभागाबद्दल तुरुंगवास, आणि त्यानंतर अध्यापन असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईत शीवच्या एस. आय. ई. एस. महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ शिकवले. १९६७-६८ या वर्षात फुलब्राइट शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत राहून आले. घर वांद्र्याच्या साहित्य सहवासात होते. बाहेरून पाहता हे एका मध्यमवर्गीय प्राध्यापकाचे सरळ आयुष्य आहे. त्यात सांगण्यासारख्या घटना फारशा नाहीत. जे घडले ते पुस्तकांत घडले. ‘स्वेदगंगा’ १९४९ मध्ये आली, ‘मृद्गंध’ १९५४ मध्ये, ‘धृपद’ १९५९ मध्ये आणि ‘जातक’ १९६८ मध्ये. या चार संग्रहांच्या मधल्या जागेत लघुनिबंध आहेत, बालकविता आहे, समीक्षा आहे, आणि ॲरिस्टॉटल व गटे यांची भाषांतरे आहेत. वर्गातले तास, परीक्षेचे पेपर आणि मुंबईतला रोजचा प्रवास सांभाळून हे सगळे लिहिले गेले, ही गोष्ट ज्यांनी महाविद्यालयात नोकरी केली आहे त्यांना विशेष कळेल.

मराठी साहित्यात इंग्रजीच्या प्राध्यापकांची एक लक्षणीय परंपरा आहे. बा. सी. मर्ढेकरांनी आकाशवाणीत जाण्यापूर्वी इंग्रजी शिकवले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते. मं. वि. राजाध्यक्ष, रा. भा. पाटणकर, वसंत कानेटकर, भालचंद्र नेमाडे, विलास सारंग ही सगळी नावे इंग्रजी विभागांतून आलेली आहेत. याचे एक कारण व्यावहारिक होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात साहित्याची ओढ असलेल्या हुशार मुलाला पदवीसाठी इंग्रजी घेणे शहाणपणाचे वाटे, कारण त्या विषयाला सर्वत्र मागणी होती. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी माणसाला रोज दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहावे लागते. समोरच्या मुलाला एखादी ओळ पोहोचवायची तर ती ओळ कशी चालते, तिचा जोर कुठे पडतो, कवीने हाच शब्द का घेतला आणि दुसरा का टाळला, हे सगळे उलगडून दाखवावे लागते. आपल्या मातृभाषेतली कविता आपण ऐकत आलेलो असतो, त्यामुळे ती कशी घडते याचा विचार करण्याची वेळ येत नाही. परक्या भाषेतली कविता शिकवणाऱ्याला मात्र तो विचार टाळता येत नाही. आणि एकदा कवितेची घडण पाहण्याची सवय लागली की ती सवय घरी परत येते, ज्ञानेश्वरांच्या ओवीवर आणि तुकोबांच्या अभंगावरही काम करू लागते. करंदीकरांच्या बाबतीत ही सवय कवितेला किती फळली, हे त्यांच्या प्रयोगांकडे पाहिले म्हणजे कळते. त्यांनी अभंग हाताळला, गझल हाताळली, मुक्तछंद हाताळला. सुनीताची, म्हणजे इंग्रजी सॉनेटवरून आलेल्या चौदा ओळींच्या कवितेची, चौकट ठेवून तिच्यातले वृत्ताचे बंधन सैल करणारी ‘मुक्तसुनीते’ लिहिली. संगीतातल्या तालांवरून ‘तालचित्रे’ रचली. आणि पुढे ‘विरूपिका’ नावाचा स्वतःचाच एक प्रकार निर्माण केला. इतक्या रूपांमध्ये फिरणारे कवी मराठीत थोडेच आहेत. काही समीक्षकांनी याला प्रयोगाची हौस म्हटले आहे. मला ते पटत नाही, कारण यातल्या चांगल्या कवितांमध्ये रूप हे आशयाच्या वाटणीचे काम करते.

याचे सर्वांत सुंदर उदाहरण माझ्या मते ‘झपताल’ ही कविता आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत घरभर राबणाऱ्या एका स्त्रीकडे तिचा नवरा पाहतो आहे, एवढाच तिचा विषय. चूल पेटते, पाळणा कुरकुरतो, दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळतात, नवऱ्याची स्वप्ने तिच्या पायांत मांजरासारखी लुडबुडतात आणि ती त्यांची मान चिमटीत धरून त्यांना बाजूला करते. कविता मुक्तछंदात आहे, म्हणजे नाव तालाचे असूनही ओळींवर कुठलाही ठेका लादलेला नाही. शेवटी कवी म्हणतो की संसाराच्या दहा फुटी खोलीत दिवसाच्या चोवीस मात्रा चपखल बसवण्याची तिची किमया आपल्याला अजून समजलेली नाही. आता ज्याला संगीताची थोडीशी ओळख आहे त्याला ठाऊक असते की झपताल दहा मात्रांचा असतो. दोन, तीन, दोन, तीन असे त्याचे चार विभाग पडतात. खोली दहा फुटी आहे आणि ताल दहा मात्रांचा आहे, पण दिवस चोवीस मात्रांचा आहे. दहाच्या आवर्तनात चोवीस बसत नाहीत; दोन आवर्तने पुरी झाली तरी चार मात्रा उरतात आणि त्या समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कुठेच येत नाहीत. तरीही त्या बाईच्या हातून त्या बसतात. कवितेत हा हिशेब कुठेही मांडून दाखवलेला नाही. तो केवळ शीर्षकात आणि शेवटच्या वाक्यात ठेवलेला आहे, आणि वाचकाने तो स्वतः करावा अशी अपेक्षा आहे. गणित इतके चोख आणि माया इतकी उघड अशी ही कविता मी जेव्हा जेव्हा वाचते, तेव्हा वर्षानुवर्षे कविता सोडवून शिकवणाऱ्या माणसालाच हे सुचू शकते असे मला वाटते. अशा वाचनाची सवय असलेला कवी जागा कुठे सोडायची हे जाणतो.

‘तेच ते’ ही कविता याच्या उलट दिशेने जाते. तिथे रोजच्या मध्यमवर्गीय जगण्यातले ठराविकपण शब्दांच्या पुनरावृत्तीतून अंगावर येते. यंत्रासारखी तीच ओळ पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि वाचणाऱ्याचा श्वास कोंडतो. मोठ्याने वाचल्याशिवाय ही कविता पुरती कळत नाही. करंदीकर स्वतः ती मोठ्याने वाचत असत, आणि त्यांची ही बाजू नव्या वाचकांपर्यंत पोहोचलेली नाही म्हणून तिच्याविषयी थोडे सांगायला हवे.

वसंत बापट, मंगेश पाडगावकर आणि करंदीकर या तिघांनी महाराष्ट्रभर फिरून काव्यवाचनाचे कार्यक्रम केले. गावोगावच्या सभागृहांत लोक कविता ऐकायला जमत. बापट आणि पाडगावकर हेही शिकवण्याच्या व्यवसायातले होते, त्यामुळे तिघांनाही समोरच्या माणसांचे लक्ष कसे धरून ठेवायचे ते माहीत होते. ज्या काळात नवकवितेवर दुर्बोधतेचा आरोप होत होता, त्या काळात ‘स्वेदगंगा’ आणि ‘मृद्गंध’ लिहिणारा कवी आपली कविता गणेशोत्सवात आणि शारदोत्सवात जमणाऱ्या श्रोत्यांसमोर घेऊन जातो, यात मला मोठे धैर्य दिसते. वर्गात शिकवणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, की अवघड ओळ नीट वाचली तर अर्धी समजते. विरामाची जागा, स्वराची चढउतार, एखाद्या शब्दाआधीची क्षणभराची थांबणूक, यांनी जे होते ते टिपणांनी होत नाही. करंदीकरांचे काव्यवाचन नाट्यपूर्ण होते असे ऐकणारे सांगतात. नाटक शिकवणाऱ्याच्या वाचनात नाट्य उतरावे हे स्वाभाविकच आहे.

या सगळ्या लेखनात एक कविता अशी आहे की तिच्यात त्यांचे दोन्ही व्यवसाय समोरासमोर येऊन बसले आहेत. शेक्सपिअर तुकोबांना भेटायला देहूला येतो. भेट होते ती दुकानात. दोघे उराउरी भेटतात. तुकोबा पाहुण्याची थोरवी सांगतात, की तू अवघा संसार उभा केलास. पाहुणा म्हणतो, एक राहून गेले. तू विटेवर जे पाहिलेस ते मला दिसले नाही. तुकोबा त्यावर म्हणतात की ते राहिले तेच बरे झाले, कारण त्याने माझ्या संसाराला तडे गेले. थोडे बोलणे होते, मंदिरातली घंटा वाजते, घरी बायको वाट पाहत असल्याची आठवण तुकोबांना होते, आणि दोघे दोन दिशांना निघून जातात.

ही कविता लोकप्रिय आहे आणि अनेकदा ती एक गोड कल्पना म्हणून वाचली जाते. मला तिच्यात तीन गोष्टी दिसतात. पहिली ही की भेट दुकानात ठेवण्यामागे केवळ तुकोबांचा वाण्याचा व्यवसाय नाही. शेक्सपिअर हाही व्यवसायातला माणूस होता. नाटक मंडळीत त्याची भागीदारी होती, नाट्यगृहाच्या नफ्यातला वाटा त्याला मिळत होता, आणि आपल्या गावी त्याने जमीन आणि घर घेतले होते. महाकवी म्हणून त्याची मूर्ती बसवणाऱ्यांना हे आठवत नाही, पण त्याचे चरित्र शिकवणाऱ्याला आठवते. दोन महाकवी गल्ल्याच्या शेजारी बसतात तेव्हा कवी त्या दोघांनाही त्यांच्या खऱ्या जागी बसवत असतो. दुसरी गोष्ट छंदाची. कविता अभंगात आहे, आणि शेक्सपिअरही अभंगातच बोलतो. ज्याच्या घरी जायचे त्याच्या भाषेत बोलायचे, हा पाहुण्याचा साधा रिवाज त्याने पाळला आहे. एकोणिसाव्या शतकापासून आपण आपल्या कवींची थोरवी सांगताना त्यांना कुठल्या ना कुठल्या इंग्रज कवीच्या मापाने मोजत आलो. या कवितेत ते माप उलटे झाले आहे, आणि तेही कुणाचा पाणउतारा न करता. तिसरी गोष्ट शेवटाची. दोघे एकमेकांत मिसळून जात नाहीत. प्रत्येकाची वाट वेगळी आणि वाटेवरचे काटेही वेगळे, असे तुकोबा म्हणतात आणि आपापल्या वाटेने जातात. समन्वयाची भाषा स्वस्तात बोलली जात असताना करंदीकरांनी हा शेवट निवडला. ज्याने आयुष्यभर शेक्सपिअर शिकवला आणि आयुष्यभर तुकोबा मनात बाळगला, त्याला हे अंतर ठाऊक होते आणि त्याने ते पुसले नाही.

असा माणूस शेक्सपिअरचे भाषांतर कसे करील याचे उत्तर ‘राजा लिअर’मध्ये आहे. ते १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी रंगभूमीने शेक्सपिअरला फार लवकर घरात घेतले होते. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, देवलांनी ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंझारराव’ लिहिले, आणि ही नाटके गाजली. पण त्या परंपरेत पात्रांना एतद्देशीय पोशाख चढवायचा आणि कथानक आपल्या मातीत आणायचे असा रिवाज होता. १९७० मध्ये आलेल्या शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्येही लिअरची छाया आहे, आणि ते नाटक तर संपूर्णपणे मराठी घरातले झाले आहे. करंदीकरांनी चारच वर्षांनी निराळा मार्ग धरला. त्यांनी लिअरला लिअरच राहू दिले, पद्याला पद्य राहू दिले, आणि वाचकाला अभ्यासपूर्ण प्रस्तावना देऊन त्या नाटकाच्या दारापर्यंत आणून सोडले.

मी ज्या महाविद्यालयात शिकवते तिथली बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. ‘किंग लिअर’मधला वादळाचा प्रवेश त्यांना शिकवायची वेळ येते तेव्हा मी टेबलावर दोन पुस्तके उघडी ठेवते, मूळ नाटक आणि करंदीकरांचा ‘राजा लिअर’. आधी मूळ ओळी वाचते, मग मराठी, मग पुन्हा मूळ. तिसऱ्या अंकात, उघड्या माळावर पावसात भिजणारा राजा झोपडीत शिरण्याआधी थांबतो आणि अंगावर धड वस्त्र नसलेल्या, पोटात अन्न नसलेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांना उद्देशून बोलू लागतो. अशा रात्री तुम्ही काय करीत असाल, असे तो विचारतो, आणि या सगळ्याची आपण फारच थोडी काळजी घेतली असे स्वतःला बजावतो. राज्य हातात होते तोवर हे त्याला दिसले नव्हते. इंग्रजी वाचताना मुले शब्दांच्या मागे धावत असतात; मराठी वाचले की वर्गात एकदम शांतता होते, आणि त्यानंतर पुन्हा इंग्रजी वाचले की त्याच ओळी त्यांना ऐकू येऊ लागतात. एका मुलीने एकदा विचारले, की हे लिहिणारा राजाच्या बाजूचा होता की झोपडीतल्या माणसांच्या. हा प्रश्न तिने शेक्सपिअरविषयी विचारला होता, पण मला त्याचे उत्तर भाषांतरकाराविषयी अधिक खात्रीने देता आले असते. ‘स्वेदगंगा’ लिहिणाऱ्या कवीने, कष्टकऱ्यांच्या घामाला नदी म्हणणाऱ्या कवीने, शेक्सपिअरच्या एवढ्या नाटकांतून नेमके हेच नाटक निवडले. मार्क्सवादाचा संस्कार झालेला हा प्राध्यापक दरवर्षी नव्या मुलांसमोर तो वादळाचा प्रवेश वाचत असेल, तेव्हा त्याच्या आवाजात काय उतरत असेल याची मी कल्पना करीत राहते.

भाषांतराचे हे काम फार आधी सुरू झाले होते. ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्यांनी १९५७ मध्ये मराठीत आणले आणि गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग १९६५ मध्ये. इंग्रजीतून शिकवताना हे ग्रंथ हाताशी असतातच. पण मराठीत साहित्याची चर्चा करणाऱ्यालाही ते मराठीतच हाताशी असावेत, हा विचार शिक्षकाचा आहे. नोकरीसाठी त्याची गरज नव्हती. स्वतःच्या काही कवितांची इंग्रजी भाषांतरेही त्यांनी केली. ‘परंपरा आणि नवता’ या १९६७ मधल्या ग्रंथात आणि नंतर ‘लिटरेचर ॲज अ व्हायटल आर्ट’ व ‘अ क्रिटिक ऑफ लिटररी व्हॅल्यूज’ या दोन इंग्रजी ग्रंथांत त्यांनी आपली साहित्यविषयक भूमिका मांडली. मर्ढेकरांनी कलेच्या शुद्ध घाटावर, म्हणजे रचनेवर, आणि लयीवर सगळा भर दिला होता. करंदीकरांनी साहित्याला जीवनवेधी कला मानले, म्हणजे साहित्यातून जीवनमूल्ये वजा करून त्याचे मोल ठरवता येत नाही असे म्हटले. ही चर्चा आज फार थोडे जण वाचतात. मराठी समीक्षेचे हे मोठे नुकसान आहे, कारण दोन कवी, दोघेही इंग्रजीचे अभ्यासक, कवितेच्या स्वरूपाविषयी इतक्या गंभीरपणे वेगळे मत मांडतात, असे प्रसंग आपल्याकडे वारंवार आलेले नाहीत.

बालकवितेचा विषय थोडक्यात आटोपणे अन्यायाचे आहे, पण इथे तो आटोपावा लागतो. ‘राणीची बाग’, ‘एकदा काय झाले’, ‘सशाचे कान’, ‘एटू लोकांचा देश’, ‘परी गं परी’ ही पुस्तके १९६१ पासून पाचेक वर्षांत आली. इंग्रजीत अर्थाला कोलांटी मारायला लावणाऱ्या बालकवितेची समृद्ध परंपरा आहे आणि करंदीकरांना ती परिचित असणारच. तरीही त्यांच्या बालकवितेतल्या पिशी मावशीची भुते अस्सल इथली आहेत. परक्या परंपरेकडून मोकळीक घ्यायची आणि माल स्वतःच्या घरचा वापरायचा, हे त्यांनी इथेही केले.

त्यांची सर्वांत जास्त उद्धृत झालेली कविता म्हणजे ‘घेता’. देणाऱ्याने देत जावे, घेणाऱ्याने घेत जावे, हे शब्द आज देणगीच्या आवाहनापासून रक्तदान शिबिराच्या फलकापर्यंत सर्वत्र दिसतात. (त्यांच्या नावावर फिरणाऱ्या काही कविता त्यांच्या नाहीतच, हेही जाता जाता सांगितले पाहिजे; भ्रमणध्वनीवर आलेली कविता पुढे पाठवण्याआधी संग्रह उघडून पाहण्याचा शिरस्ता आपण ठेवायला हवा.) करंदीकरांनी स्वतः पुरस्कारांच्या रकमा सामाजिक कामासाठी देऊन टाकल्या, त्यामुळे ही कविता दानाची कविता म्हणून त्यांच्या चरित्राला चिकटली. मी तिला शिकवण्याची कविता मानते. ती सगळी घेण्याविषयी आहे. माळाकडून, सह्याद्रीच्या कड्याकडून, ढगांकडून, समुद्राकडून काय काय घ्यावे याची ती यादी आहे, आणि त्या यादीत भीमेकडून घ्यायची तुकोबाची माळही आहे. शेवटी ती म्हणते की घेता घेता एक दिवस देणाऱ्याचे हात घ्यावे. दानाच्या व्यवहारात घेणारा घेणाराच राहतो आणि देणारा देणाराच राहतो. घेणारा स्वतः देणारा होतो तो एकाच व्यवहारात, तो म्हणजे शिकणे. आज बाकावर बसलेला उद्या फळ्यासमोर उभा राहतो. ज्याच्या वर्गातून वर्षानुवर्षे मुले गेली त्या माणसाने ही ओळ लिहिली आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे ती अधिक अवघड आणि अधिक मागणी करणारी होते.

उतारवयातली दोन पुस्तके मला त्यांच्या आयुष्याचा खरा निष्कर्ष वाटतात. १९८१ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरांच्या ‘अमृतानुभवा’चे अर्वाचीनीकरण केले, म्हणजे तेराव्या शतकातल्या ओव्या आजच्या मराठीत ओवीरूपातच उभ्या केल्या. इंग्रजीचा प्राध्यापक आता मराठीतून मराठीत भाषांतर करीत होता. शब्द जुने झाले की त्यांचा अर्थ सांगण्यासाठी टीप देता येते, पण ओवीची चाल टिपेत मावत नाही; ती पुन्हा रचावीच लागते, हे त्यांना लिअर करताना कळून चुकले होते. आणि २००३ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ‘अष्टदर्शने’ आले. देकार्त, स्पिनोझा, कांट, हेगेल, शोपेनहौअर, नित्शे आणि बर्गसाँ हे सात पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते, आणि त्यांच्या सोबतीला चार्वाक. आठ जणांचे विचार त्यांनी ओवी-अभंगाच्या वळणावर मराठीत सांगितले. कांटचे तत्त्वज्ञान मराठी गद्यात समजावून सांगतानाही भल्याभल्यांची दमछाक होते. ते छंदात सांगायचे म्हणजे आधी ते इतके आत्मसात झालेले असावे लागते की ते आपल्या श्वासाच्या लयीत बोलता यावे. तुकोबाच्या दुकानात येऊन शेक्सपिअर जसा अभंगात बोलला, तसेच इथे स्पिनोझा आणि नित्शे बोलतात. आठवा चार्वाक का, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. चार्वाकाचे स्वतःचे ग्रंथ उरलेले नाहीत. तो आपल्याला मुख्यतः त्याच्या विरोधकांनी केलेल्या खंडनातून माहीत आहे. सात युरोपीय विचारवंतांना त्यांच्या ग्रंथांतून बोलता येते, आणि आपल्या मातीतल्या या जडवाद्याला मात्र कवीने आवाज द्यावा लागतो. घामाची नदी पाहिलेल्या कवीला, ऐहिक जगावर विश्वास असलेल्या माणसाला, तो आवाज देण्याची इच्छा अखेरपर्यंत राहिली असावी.

२००३ या वर्षाचे ज्ञानपीठ त्यांना मिळाले. खांडेकर आणि कुसुमाग्रज यांच्यानंतरचे ते तिसरे मराठी मानकरी. १४ मार्च २०१० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कवितेवर प्रबंध झाले आहेत, चरित्रात्मक लेखन झाले आहे, गौरवग्रंथ निघाले आहेत. त्यांच्या वर्गाविषयी मात्र मला हवे तितके कुठे वाचायला मिळालेले नाही. शीवच्या त्या महाविद्यालयात त्यांच्यासमोर बसलेली मुले आज सत्तरी-ऐंशीत असतील. त्यांच्यापैकी कुणी कवी झाले असेल, कुणी बँकेत गेले असेल, कुणी परदेशी स्थायिक झाले असेल. या मंडळींनी आपल्या आठवणी लिहून काढाव्यात, आणि ज्यांच्या घरात अशी माणसे आहेत त्यांनी त्यांना बोलते करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. लिअरच्या वादळाचा प्रवेश सर कसा वाचत? इंग्रजी ओळ समजावून सांगताना ते मध्येच एखादी ओवी म्हणत का? मराठी बोलणाऱ्या मुलाने चुकतमाकत इंग्रजीत उत्तर दिले तर त्याला पुढे कसे नेत? फळ्यावर काय लिहीत? ही उत्तरे ज्यांच्यापाशी आहेत ती माणसे अजून आपल्यात आहेत, आणि त्यांना विचारण्याचे काम याच वर्षी सुरू व्हायला हवे.